शौचातून रक्त पडते? प्रत्येक वेळी मूळव्याध नसते



शौचातून रक्त पडले की आपल्या वस्तीत पहिला शब्द निघतो तो मूळव्याध. दुसरा निघतो आव. मग मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, चार दिवस बरे वाटले की विसरून जायचे, आणि पुन्हा रक्त दिसले की पुन्हा त्याच गोळ्या. पुष्कळदा ती मूळव्याध किंवा आवच असते, हे खरे. पण काही माणसांच्या बाबतीत हे चक्र वर्षभर चालते आणि शेवटी आजार निराळाच निघतो. त्याचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. घरात या विषयावर मोठ्याने बोलायला लाज वाटते, म्हणूनच आम्ही या वेळी तो घेतला आहे.

हा आजार काय आहे?

आपल्या मोठ्या आतड्याला आतून एक नाजूक अस्तर असते. या आजारात त्या अस्तराला सूज येते आणि बारीक व्रण पडतात. सुरुवात बहुधा गुदद्वाराजवळच्या भागात होते आणि दाह तिथून वर सरकत जातो. व्रणांतून रक्त आणि चिकट आव येते. पोटात मुरडा येतो. जाऊन आले तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, आणि रात्री झोपेतूनही उठावे लागते. तो बहुतेक तरुणपणी, १५ ते ३० या वयात सुरू होतो, पण उतारवयातही होऊ शकतो. काही दिवस जोर करतो, मग महिनोन्महिने शांत राहतो, आणि पुन्हा उसळतो. याच शांत काळामुळे माणूस फसतो.

हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एकच संडास वापरल्याने तो दुसऱ्याला होत नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नाही, करणीही नाही. त्यामुळे अंगारे-गंडे यांत एक दिवसही घालवू नये. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून हाच आजार होता. त्यापायी २००७ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढे औषधाने तो आटोक्यात आला आणि २०१२ पासून जवळपास आठ वर्षे ते पुन्हा पंतप्रधान राहिले. २०२० मध्ये तो उसळल्यावर त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. आजार पूर्ण जात नाही, पण आवरता येतो, हे यातून दिसते.

कशामुळे होतो?

एकच एक कारण अजून सापडलेले नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच आतड्यावर उलटते, एवढे नक्की कळले आहे. ती का उलटते, याची काही संभाव्य कारणे अशी:

आनुवंशिकता: आई-वडील किंवा भावंडांत कोणाला असेल तर धोका वाढतो. तरीही बहुसंख्य रुग्णांच्या घरात आधी कोणालाच हा आजार नसतो.

राहणीमान: हा गोऱ्या लोकांचा आजार आहे असे पूर्वी मानत. पण इंग्लंडमधील लेस्टर शहरात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत तो तिथल्या गोऱ्यांपेक्षाही जास्त आढळला. पंजाबात झालेल्या पाहणीत दर लाखामागे सुमारे ४४ जणांना तो असल्याचे दिसले. म्हणजे तो आपल्याकडेही आहे. बदललेले खाणे, पाकिटबंद पदार्थ आणि गोड शीतपेये यांवर संशय आहे.

आतड्यातील जंतू: आपल्या आतड्यात उपयोगी जंतूंची मोठी वस्ती असते. पोटाचे गंभीर संसर्ग किंवा वारंवार घेतलेली अँटिबायोटिक्स यांनी ती विस्कटते, आणि पुढे आजाराला वाट मिळत असावी.

वेदनाशामक गोळ्या: आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी शांत असलेला आजार उसळू शकतो. मानसिक ताण हे मूळ कारण नाही, पण ताणाने त्रास वाढतो.

तंबाखूबद्दल एक गैरसमज आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार थोडा कमी दिसतो, हे खरे आहे. म्हणून ओढायला लागणे म्हणजे आतडे वाचवायला फुप्फुस जाळणे.

निदान कसे होते?

रक्ती आव अमिबामुळे होते, जंतूंमुळे होते, आतड्याच्या क्षयरोगातही शौचातून रक्त पडू शकते, आणि उतारवयात कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते. हे सारे वरून सारखेच दिसते. म्हणून अंदाजाने औषध घेणे धोक्याचे. विशेषतः स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने कधीही घेऊ नका. अमिबाची आव किंवा क्षय असेल तर त्यांनी जिवावर बेतू शकते.

शौचाची तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन आणि नळीने आतडे पाहण्याची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, यांवरून निदान होते. त्या वेळी अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासतात. प्रभादेवी स्टेशनच्या पूर्वेला उतरले की परळचे केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९२६ पासून चालणाऱ्या महापालिकेच्या या रुग्णालयात पोटविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. जवळच्या महापालिका दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन जा. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातील समाजसेवा विभागात विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, तो आपला हक्क आहे.

टाळता येतो का?

प्रामाणिकपणे सांगायचे तर, हा आजार होणारच नाही असा खात्रीचा उपाय आज कोणाकडे नाही. तसा दावा करणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. पण धोका कमी करणे आणि झालेला आजार उसळू न देणे आपल्या हातात आहे.

• पाणी उकळून प्या, पावसाळ्यात तर नक्कीच. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा.
• बाळाला आईचे दूध द्या. त्यामुळे संरक्षण मिळत असावे, असे अनेक अभ्यास सुचवतात.
• अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
• रोजचे जेवण साधे असावे: भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडी, मासळी. आजार जोरात असताना कच्च्या भाज्या, कोंडा आणि तिखट कमी करा. उपाशी मात्र राहू नका. बरे वाटल्यावर नेहमीचे जेवण सुरू करा.
• बरे वाटले म्हणून औषध सोडू नका. मेसालामिन, सल्फासालाझिन ही औषधे आजार शांत ठेवण्यासाठीच असतात. दिवस गेले तरी ती मनाने बंद करू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावे.
• आजाराला आठ वर्षे झाली की कर्करोगाची शक्यता तपासण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने कोलोनोस्कोपी करून घ्यावी.

दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ती शौच, त्यासोबत ताप, छातीत धडधड किंवा पोट फुगणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जुलाब थांबवणारी गोळी घेऊन घरी बसू नका.

रांगेतला माणूस

या आजारात कळ आली की पाच मिनिटेही थांबवत नाही. घरात संडास असलेल्याला ही अडचण कळणार नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत बालदी घेऊन उभे राहणाऱ्याला ती चांगली कळते. कपडे खराब होतील या भीतीने माणूस कामाला जाणे सोडतो. बायका तर रात्री जावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून जेवण-पाणीच बंद करतात. आधीच रक्त जात असते, त्यात उपास घडतो, आणि अंगात रक्त उरत नाही. चेहरा पांढरा पडतो, जिना चढताना धाप लागते, आणि घरचे म्हणतात, हिला अशक्तपणा आला.

म्हणून आमचे दोन गोष्टींचे सांगणे आहे. रक्त किंवा आव दोन आठवड्यांहून जास्त दिवस पडत असेल, तर लाज बाजूला ठेवून तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना सगळे मोकळेपणाने सांगा. आणि रांगेत कोणी कळवळून म्हणाले, मला आधी जाऊ द्या, तर कारण न विचारता जाऊ द्या.