दाढेपेक्षा भीतीच जास्त ठणकते! हैदराबादला दातांच्या उपचाराला जाताना भुलीचे पर्याय कोणते, काय विचारायचं?

हैदराबाद : दाढ ठणकायला लागली की आधी लवंग, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग मेडिकलवरची गोळी. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तरीही घरच्यांनी दवाखान्याचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "राहू द्या, आता कमी आहे." शेवटी गाल सुजून डोळ्यापर्यंत येतो आणि मग नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबादकडची मंडळी हैदराबादची गाडी धरतात.

या उशिरामागे पैसा आणि अंतर ही कारणं असतातच. पण अनेकांच्या बाबतीत खरं कारण असतं भीती. सुईची, मशीनच्या आवाजाची, तोंड उघडं ठेवून पडून राहण्याची. त्यात "वरची दाढ काढली की नजर जाते" ही गावोगावची समजूत. दाढ काढण्याचा आणि नजरेचा काहीही संबंध नाही. डोळ्याच्या नसा वेगळ्या, दातांच्या वेगळ्या.

उशीर केला की भूलही कमी लागते

दाताजवळ पू झाला की तिथल्या पेशींत आम्लता वाढते. अशा जागी भुलीचं इंजेक्शन नीट काम करत नाही. म्हणजे घाबरून उपचार टाळायचा, त्यामुळे सूज वाढायची, सुजेमुळे बधिरता कमी यायची आणि दुखायचं. मग "बघा, मी म्हणत होतो ना!" असं म्हणत माणूस पुढची पाच वर्षं खुर्चीकडे फिरकत नाही. हे चक्र तोडायचं तर सूज येण्याआधी जाणं हा पहिला उपाय.

दुसरी गोष्ट म्हणजे "मला इंजेक्शन मानवत नाही" ही तक्रार. दातांच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा लिग्नोकेनसोबत थोडं ॲड्रेनॅलिन असतं. त्याने काही मिनिटं छातीत धडधडतं, हात थरथरतात. काहींना भीतीनेच घेरी येते. या दोन्ही गोष्टी म्हणजे ॲलर्जी नव्हे. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार क्वचित आढळते. मागच्या वेळी नेमकं काय झालं होतं ते डॉक्टरांना सविस्तर सांगितलं तर यातला फरक त्यांना कळतो.

भुलीचा शोध दातांपासूनच

दातांच्या दुखण्याला माणूस किती घाबरतो याची साक्ष इतिहासातच आहे. अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८४६ मध्ये, दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी इथर देऊन रुग्णाचा दात काढला आणि ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्या रुग्णालयात इथरचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. आजची भूलशास्त्राची शाखा उभी राहिली ती अशी, दात काढताना दुखू नये म्हणून.

यात हैदराबादचं नावही मोठं आहे. क्लोरोफॉर्मने मृत्यू का होतात हे शोधण्यासाठी निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, १८८८ आणि १८८९ मध्ये, इथे दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग' बसले. पुढाकार होता हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचा. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने एक हजार पौंड दिले आणि लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा निघाला की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून भूल देणाऱ्याने नाडी धरून न बसता श्वासावर नजर ठेवावी.

पुढे १९११ मध्ये डॉ. गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकतं. म्हणजे लॉरी यांचं म्हणणं अर्धंच खरं ठरलं आणि क्लोरोफॉर्म कालांतराने मागे पडलं. पण 'श्वासावर नजर ठेवा' हा धडा आजही तितकाच खरा आहे. लॉरी यांच्याच हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी अफझलगंजच्या रुग्णालयात क्लोरोफॉर्म देत असत. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते. आज त्याच अफझलगंजात, उस्मानिया रुग्णालयाजवळ, सरकारी दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

तुमची भीती किती? पाच प्रश्न

भीती मोजण्यासाठी डॉक्टर जगभर एक सोपी प्रश्नावली वापरतात. उद्या दातांच्या दवाखान्यात जायचं आहे, बाहेर बाकावर नंबरची वाट पाहताय, दात कोरायची मशीन लागणार आहे, दातांची सफाई होणार आहे, हिरडीत सुई टोचणार आहे. या पाच प्रसंगांत प्रत्येकी किती घाबरायला होतं याला १ ते ५ गुण द्यायचे. १ म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे प्रचंड. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र समजतात. हा आकडा कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात दिला तरी चालतो. "मला भीती वाटते" असं तोंडाने सांगायची लाज वाटणाऱ्यांची त्यामुळे सोय होते.

औषधाआधीचे उपाय

प्रत्येक घाबरणाऱ्याला गुंगीचं औषध लागतंच असं नाही. पुष्कळांचं काम साध्या गोष्टींनी भागतं :

- पहिली भेट फक्त बोलण्यासाठी आणि तपासणीसाठी ठेवावी. त्या दिवशी सुई नाही, मशीन नाही, हे आधीच ठरवून घ्यावं.
- 'हात वर केला की थांबायचं' ही खूण ठरवावी. थांबवणं आपल्या हातात आहे हे कळलं की निम्मी भीती तिथेच उतरते.
- सुईआधी हिरडीला बधिर करणारं जेल लावायला सांगावं.
- सकाळची पहिली वेळ घ्यावी. दिवसभर विचार करत बसावं लागत नाही.
- फक्त जागेवरची भूल असेल तर उपाशीपोटी जाऊ नये. रिकाम्या पोटी घेरी लवकर येते.
- श्वास हळू घ्यावा आणि घेतला त्याहून सावकाश सोडावा.

लहान मुलांसाठी डॉक्टर 'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' ही पद्धत वापरतात. आईवडिलांनी "गप्प बस, नाहीतर सुई देतील" असा धाक मात्र घालू नये. तो धाक पुढे जन्मभर सोबत राहतो.

गुंगीचे पर्याय कोणते?

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. गुंगीचं औषध भीती घालवतं. दुखणं थांबवण्यासाठी जागेवरचं इंजेक्शन बहुतेक वेळा त्याच्यासोबत द्यावंच लागतं.

वायू : नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण नाकावरच्या मास्कमधून देतात. माणूस जागा असतो, बोलतो, पण अंग सैल पडतं, मन हलकं होतं. काम झाल्यावर काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की असर उतरतो. सर्दीने नाक बंद असेल तर याचा उपयोग होत नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, डोळ्याच्या पडद्याचं किंवा कानाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, फुप्फुसाचा जुना आजार किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर आधी सांगणं गरजेचं आहे.

गोळी : मिडाझोलाम, डायझेपाम यांसारखं औषध उपचाराआधी दिलं जातं. स्वस्त आणि सोपा मार्ग, पण एकदा पोटात गेलेली गोळी कमी-जास्त करता येत नाही. कुणावर किती असर होईल याचा नेमका अंदाजही येत नाही. म्हणून शेजाऱ्याची झोपेची गोळी घेऊन खुर्चीत बसणं धोक्याचं आहे. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत.

शिरेतून : सलाईनच्या सुईतून औषध थोडं थोडं देतात. असर लवकर येतो आणि प्रमाण हाताशी राहतं. नंतर बऱ्याच जणांना उपचाराचं फारसं आठवतही नाही. पण जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून इथे काम करणारे डॉक्टर वेगळे आणि रुग्णावर लक्ष ठेवणारे प्रशिक्षित डॉक्टर वेगळे असायला हवेत.

पूर्ण भूल : ही रुग्णालयातच, भूलतज्ज्ञाकडूनच. अनेक दात किडलेली अगदी लहान मुलं, सहकार्य करू न शकणारे दिव्यांग रुग्ण, जबड्याची मोठी शस्त्रक्रिया अशांसाठी. एका दाढेसाठी सहसा याची गरज नसते.

हे पर्याय कागदावर वेगळे दिसतात. शरीरात मात्र ती एकच उतरंड आहे. हलक्या गुंगीतून माणूस नकळत गाढ गुंगीत घसरू शकतो. सगळी खबरदारी त्यासाठीच.

जुबिली हिल्सची ती घटना

फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या जुबिली हिल्स भागातल्या एका खासगी दंत दवाखान्यात दातांच्या सौंदर्योपचारादरम्यान २८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. भुलीचं औषध जास्त दिल्याचा आरोप वडिलांनी केला आणि पोलिसांत निष्काळजीपणाची तक्रार नोंदवली गेली. मुलाने या उपचाराबद्दल घरी सांगितलंच नव्हतं, असंही वडिलांनी सांगितल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

अशा घटना विरळ आहेत. बातमी ऐकून दातांचा उपचारच सोडून देणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पण घरी न सांगता, एकट्याने गुंगीच्या उपचाराला जाऊ नये आणि खुर्चीत बसण्याआधी पुढचे प्रश्न विचारावेत :

- गुंगी कोण देणार? त्यांचं शिक्षण काय? ते शेवटपर्यंत खोलीत थांबणार का?
- बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र, ऑक्सिजनचं सिलिंडर, रक्तदाबाचं यंत्र आहे का?
- औषधाचा असर उलटवणारं औषध हाताशी आहे का?
- काही बिघडलं तर कोणत्या रुग्णालयात नेणार?
- गुंगीचा खर्च उपचाराच्या खर्चात धरला आहे की वेगळा? तो लिहून द्याल का?

या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. जो रागावतो, तिथून उठून यायला हरकत नाही.

कागद तेलुगूत, सही मराठीत?

सीमेपलीकडच्या रुग्णांची ही नेहमीची अडचण. संमतीपत्र तेलुगूत किंवा इंग्रजीत असतं, रुग्ण न वाचता सही करून मोकळा होतो. आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळाल्यावरच संमती देणं हा रुग्णाचा हक्क आहे. हैदराबादेत हिंदी-दखनीत बोललेलं बहुतेकांना कळतं. "हिंदीत समजावून सांगा" एवढं म्हणायला संकोच नको.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. रक्तदाब, साखर, दमा, रक्त पातळ करणारी गोळी (ती मनाने बंद करू नये), गरोदरपण, रात्री मोठ्याने घोरण्याची सवय. आणि दारू किंवा शिंदी. तेलंगणात काही ठिकाणी शिंदीत अल्प्राझोलाम, डायझेपाम मिसळल्याचे प्रकार वारंवार पकडले गेले आहेत. हीच किंवा याच जातीची औषधं गुंगीसाठी वापरतात. रोज शिंदी घेणाऱ्याच्या अंगात ती आधीच असली तर नेहमीचा डोस एक तर लागू पडत नाही किंवा एकावर एक चढून श्वासावर येतो. म्हाताऱ्या माणसांसमोर हे बोलायला लाज वाटते. पण डॉक्टरांपासून लपवलं तर जिवावर बेतू शकतं.

संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढू नका

सकाळी काचीगुड्याला उतरायचं, दाढ काढायची, रात्रीच्या गाडीने परत. जागेवरच्या भुलीत हे जमतं. दोन-तीन तास ओठ-गाल बधिर राहतो, तेवढ्यात गाल चावला जाणार नाही आणि गरम चहाने तोंड भाजणार नाही याची काळजी घेतली की झालं.

शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर मात्र हा बेत चालणार नाही. सर्वसाधारण नियम असा की आधी सहा तास जेवण नाही आणि दोन तास पाणीही नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवशीचा डोस आधी विचारून घ्यावा. नंतर २४ तास गाडी चालवायची नाही, शेतातली मशीन चालवायची नाही, जमिनीच्या किंवा बँकेच्या कागदावर सही करायची नाही. सोबत घरचं मोठं, जबाबदार माणूस हवंच आणि एक रात्र हैदराबादेतच मुक्काम ठेवलेला बरा. धर्मशाळेची एक रात्र परवडते. चालत्या गाडीत श्वास अडकला किंवा रक्त थांबेना तर कुठे उतरणार?

आणि तोंड उघडणं कमी झालं, गिळताना त्रास होऊ लागला, गळ्याखाली सूज उतरली किंवा ताप आला तर भीती, अंतर, तिकीट सगळं बाजूला ठेवायचं. अशा वेळी हैदराबादची वाट न पाहता जवळच्या जिल्हा रुग्णालयात त्याच रात्री पोहोचायचं. दाढेचा पू गळ्यात उतरला की श्वासाचा रस्ता बंद होऊ शकतो.