कारखाना भोसरीत, बिऱ्हाड दुबईत: कर खरंच वाचतो का?

भोसरी-चाकणच्या कारखानदारांना हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो: दुबईत फ्लॅट घ्या, गोल्डन व्हिसा काढा, कराची कटकट संपली. आयुष्यभराची कमाई अशा ऐकीव गोष्टींवर लावू नये, म्हणून हे लिहितो आहे.

गैरसमज: बाहेर गेलं की भारतातला कर संपतो.

भारतात होणाऱ्या कमाईवर अनिवासी माणसालाही इथेच कर भरावा लागतो. चाकणची शेड भाड्याने दिली असेल, तर मालक अनिवासी झाल्यावर भाडेकरूला 30 टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापावा लागतो. कंपनी भारतात नोंदलेली असेल, तर मालक कुठेही राहिला तरी ती भारतीयच. 22 टक्के कराचा पर्याय घेतलेल्या कंपनीचा अधिभार आणि उपकर धरून सुमारे 25.17 टक्के कर चुकत नाही. खरी बचत होते ती लाभांशावर. वर्षातले किमान 183 दिवस अमिरातीत राहून तिथलं निवासी प्रमाणपत्र मिळवलं, तर भारत-अमिरात कर करारानुसार लाभांशावर भारतात 10 टक्केच कर लागतो. पण किती छोटे कारखानदार लाभांश काढतात? बहुतेकांचा नफा पुढच्या मशीनमध्येच जातो.

गैरसमज: सहा महिने बाहेर काढले की अनिवासी.

भारतातलं उत्पन्न 15 लाखांच्या वर असेल, तर 2020-21 पासून भारतातल्या मुक्कामाला 182 ऐवजी 120 दिवसांची मर्यादा लागू होऊ शकते. शिवाय एवढं उत्पन्न असलेला जो नागरिक दुसऱ्या कुठल्याच देशात करास पात्र नाही, तो भारताचा निवासी मानला जातो. अशांचं परदेशी उत्पन्न बहुधा सुटतं, पण भारतातून चालवलेल्या धंद्याचं सुटत नाही. दुबईची ट्रेडिंग कंपनी भोसरीच्या केबिनमधून चालवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. आणि दिवस मोजून राहायचं ठरवलं, तरी डाय तुटली, कंपनीचं ऑडिट आलं, कामगारांचा करार संपला, की मालकाला इथे हजर राहावंच लागतं.

गैरसमज: तिकडे कर नाही, खर्चही बेताचा.

अमिरातीत पगारावर कर नाही, हे खरं. पण 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे आणि जून 2023 पासून 3,75,000 दिरहमवरच्या नफ्यावर 9 टक्के कर. घरभाडं, खासगी शाळा आणि आरोग्यविमा हे खर्च वेगळेच.  वारसाकर वाचवायला जावं म्हटलं, तर आपल्याकडचा वारसाकर 1985 मध्येच गेला.

गोल्डन व्हिसासाठी 20 लाख दिरहमची मालमत्ता लागते, म्हणजे सुमारे 5.45 लाख डॉलर. रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला 2.5 लाख डॉलर, त्यामुळे नवरा-बायको मिळूनही एका वर्षात एवढी रक्कम पाठवता येत नाही. खेड-मावळच्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट: अनिवासी झाल्यावर आधीची शेतजमीन राहते, नवी विकत घेता येत नाही.

दुबईच्या बाजूने सांगितला जाणारा सुरक्षिततेचा मुद्दा मात्र खरा आहे. चाकण पट्ट्यात खंडणी आणि दमदाटीच्या तक्रारी होतात. 2018 मध्ये पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं, तरी त्या थांबलेल्या नाहीत. दुबईचे रस्ते सुरक्षित आहेत, पण कारखाना आणि कामगार इथेच राहतात. मालक दूर गेल्याने त्यांचं संरक्षण वाढत नाही.

धंदाच तिकडे करायचा असेल तर जरूर जावं. मसाल्यांचे व्यापारी धनंजय दातार यांच्या कुटुंबाने 1984 मध्ये दुबईत दुकान टाकलं आणि कमाईही तिथेच उभी केली. केवळ कर वाचवायला निघालेल्यांनी फ्लॅटचं टोकन देण्याआधी आपल्या सीएकडून भाडं, नफा आणि लाभांश यांवरचा कर वेगवेगळा मांडून घ्यावा.