संकष्टीला निघा, धारावीच्या जंगलात पोहोचा

ट्रेक म्हटलं की आपलं ठरलेलं असतं. पहाटेची कर्जत नाहीतर कसारा लोकल, पाठीवर सॅक आणि दुसऱ्या दिवशी लेक्चरला लंगडत. पण सुट्टी एकच आहे, खिशात शंभरची नोट आहे आणि असाइनमेंटही बाकी आहे, तर? मग वरळी कोळीवाड्यातून चालायला लागा आणि धारावीच्या जंगलात थांबा. हो, धारावीच्याच. नऊ-दहा किलोमीटर होतात. रमतगमत गेलात तर सकाळची दुपार होते.

आधी दिवस ठरवा, आणि त्यासाठी घरातलं कालनिर्णय काढा. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास भरती, सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मोबाइलवर ताडून बघा. आपल्याला चतुर्थी बरोब्बर जमते: चौपाटीची वाळूही उघडी, खाडीतला चिखलही उघडा. फक्त अंगारकी टाळा, वाटेत सिद्धिविनायक आहे!

सातला कोळीवाड्यात पोहोचा. गल्ल्या अरुंद आहेत, कुठे जाळी पसरलेली असतात, त्यांवर पाय देऊ नका. फोटो काढायचा तर आधी विचारा. कामाला लागलेली मावशी म्हणजे तुमच्या रीलचं बॅकग्राउंड नव्हे. गोल्फादेवीचं दर्शन घ्या आणि टोकावरच्या किल्ल्यात जा. किल्ला दहा मिनिटांत बघून होतो, खरी गंमत तटावरून दिसते. समोर वांद्रे, डाव्या हाताला सी-लिंक, उजवीकडे दादर-माहीमचा किनारा. आज याच अर्धवर्तुळाच्या काठाने चालायचंय. सी-लिंकवर पायी जाऊ देत नाहीत, त्यामुळे तसाही दुसरा पर्याय नाही.

कोस्टल रोडचा पूलही इथे सी-लिंकला येऊन मिळतो. त्याच्या खांबांमधून होड्या जायच्या कशा, यावर इथल्या कोळ्यांनी मोठं भांडण केलं. आधी ठरलेलं अंतर ६० मीटर होतं. वारं फिरलं आणि होडी खांबाकडे ढकलली गेली, तर साठ मीटर किती पुरणार, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी ते अंतर १२० मीटर करायला लागलं. किल्ल्यावरून पूल बघताना हे माहीत असलेलं बरं.

पुढे सेंच्युरी बाजारवरून प्रभादेवी, हा कंटाळवाणा टप्पा आहे, भराभर उरका. कीर्ती कॉलेजजवळ वडापाव आणि वर चुरा (उपास असेल त्यांनी मान वळवावी). तिथून चौपाटी, चैत्यभूमी, शिवाजी पार्क. वाळू असेल तिथे वाळूतून, नसेल तिथे रस्त्याने माहीम गाठा.

माहीम आणि वरळी ही एकेकाळी वेगवेगळी बेटं होती. माहीमहून वांद्र्याला जायचं तर होडीने खाडी ओलांडावी लागे. जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी पैसा दिला आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला. दादर-माहीममधला लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा.

कॉजवेवर उभे राहा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मिठी. विहार आणि पवई तलावांतून सांडलेलं पाणी सुमारे अठरा किलोमीटर येऊन इथे समुद्राला मिळतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी ही नदी आहे हे शहराला आठवलं. एरवी तिला आपण नालाच म्हणतो. वास येईल, नाक दाबा, पण काठ बघा. चिखलातून बोटाएवढ्या काड्या वर आलेल्या दिसतील. ती तिवरांची मुळं, चिखलात हवा नसते म्हणून श्वास घ्यायला वर येतात. त्यांच्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. ज्या अडकत नाहीत त्या ओहोटीबरोबर समुद्रात जातात आणि मासळीसोबत कोळ्यांच्या जाळ्यात येतात.

आता माहीम स्टेशन ओलांडून शीव-वांद्रे लिंक रोडने महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकरांची ही जागा आधी कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होती. १९८३ मध्ये सालिम अलींच्या हातून इथे पहिलं झाड लागलं आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. तुमच्या पायाखाली कचरा आहे आणि डोक्यावर इतकी दाट सावली, की बाहेरचा हॉर्न ऐकू आला तरच धारावी आठवते. हिवाळ्यात पक्षी भरपूर, दुर्बीण न्या. वेळ आणि तिकीट आधी फोन करून विचारा, ऐनवेळी गेट बंद दिसलं तर पाय आणखी दुखतात.

पाय मोकळे करून उद्यानाची खाडीकडची बाजू गाठा. एव्हाना भरती चढायला लागलेली असते. सकाळी वरळीच्या किल्ल्यावरून पाहिलेला समुद्र आता मिठीतून उलटा वर येत असतो, आणि सकाळच्या काही पिशव्याही त्याच्याबरोबर परत.