ग्रंथातला देव आणि न्यायाची कसोटी

अंबाजोगाईच्या एका अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, देव नाहीच असे आपण म्हणतो. मग तो चांगला की वाईट ही चर्चा कशाला? जो नाहीच त्याच्यावर खटला कोण भरतो?” वर्गात हशा पिकला. मला त्या वेळी नीट उत्तर सुचले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

विश्वाच्या मुळाशी कोणी आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. ग्रंथातला देव मात्र आहेच. तो बोलतो, आज्ञा करतो, एकाला वर देतो, दुसऱ्याला शाप देतो. त्याच्या नावावर गावे वसली, पाणवठे वाटले गेले, आपली वस्ती वेशीबाहेर पडली. ज्याच्या आज्ञेचे परिणाम आपल्या अंगावर आहेत, त्याच्या आज्ञेचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्यासाठी त्याचे अस्तित्व सिद्ध व्हावे लागत नाही.

बाबासाहेबांनी हेच केले. ‘हिंदू धर्माचे तत्त्वज्ञान’ या विषयावरील त्यांचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केले. त्यात ते देवाच्या अस्तित्वाच्या चर्चेत अडकत नाहीत. धर्माला ते न्याय आणि उपयुक्तता या दोन कसोट्या लावतात. हा धर्म समता मानतो काय? स्वातंत्र्य मानतो काय? बंधुभाव मानतो काय? त्याच वर्षी ‘रिडल्स इन हिंदुइझम’ बाहेर आले आणि त्यातल्या राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून महाराष्ट्रात वादळ उठले. ते वगळावे अशी मागणी झाली, आणि तिच्याविरुद्ध १९८८च्या फेब्रुवारीत दलितांचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. हे वादळ देव आहे की नाही यावरून उठलेले नव्हते. राम आणि कृष्ण यांचे वर्तन नीतीला धरून होते काय, एवढेच विचारले गेले होते. ‘देव नाही’ म्हणणारे नास्तिक या देशात पुष्कळ होऊन गेले आणि पचलेही. ‘तुमचा देव न्यायी नाही’ हे वाक्य मात्र पचत नाही.

आता ग्रंथ काय सांगतात ते पाहू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र झाला. गीतेच्या चौथ्या अध्यायात खुद्द भगवान म्हणतात की चातुर्वर्ण्य मीच निर्माण केले. मनुस्मृतीप्रमाणे प्रभूने शूद्राला कर्म नेमून दिले ते एकच, वरच्या तिन्ही वर्णांची सेवा. रामायणाच्या उत्तरकांडात तप करतो म्हणून शंबूकाचा शिरच्छेद होतो आणि देव रामाचे कौतुक करतात, पुष्पवृष्टी करतात. ही पुष्पवृष्टी मला शिरच्छेदापेक्षाही महत्त्वाची वाटते. राजाचा अन्याय राजापुरता राहू शकतो. वरून फुले पडली की तो धर्म होतो.

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. उत्तरकांड प्रक्षिप्त आहे, हे पहिले. असेल. पण ते प्रक्षिप्त असावे असे तुम्हाला वाटते ते कशाने? शंबूकाचा वध तुमच्या विवेकाला खुपतो, म्हणून. म्हणजे न्यायाधीश तुमचा विवेक झाला आणि ग्रंथ त्याच्यासमोर उभा राहिला. सॉक्रेटिसाने युथिफ्रोला हेच विचारले होते: देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? चातुर्वर्ण्य गुणकर्मावर आहे, जन्मावर नाही, हे दुसरे उत्तर. मग नवव्या अध्यायात स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांच्यासंबंधी जो ‘पापयोनी’ शब्द येतो त्याचे काय करायचे? योनी म्हणजे जन्मच ना? भाष्यकारांनी येथे पुष्कळ कसरत केली आहे. पण देवाच्या शब्दाला एवढी कसरत लागावी, यातच सारे आले.

तिसरे उत्तर आपल्या मराठवाड्याचे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ते म्हणजे ब्रह्म. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ शके १११० मधला, म्हणजे इसवी सन ११८८चा मानला जातो. विदर्भातले आंभोरेही मुकुंदराजांवर हक्क सांगते; पण आमच्या तालुक्यात तो वाद कोणी मनावर घेत नाही, समाधी येथेच आहे. मराठीतल्या या आद्य ग्रंथाने अद्वैत सांगितले: सर्वांच्या ठायी एकच ब्रह्म. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी, संस्कृत न येणाऱ्याला कळेल अशा भाषेत, ब्राह्मण आणि महार यांच्यात तत्त्वतः भेद नाही हे सांगून झाले होते. आणि त्याच गावांत आमची सावली विटाळ करीत राहिली. ‘रिडल्स’मध्ये बाबासाहेबांनी एक कोडे यावरच घातले आहे. ते ब्रह्मवादाची थट्टा करीत नाहीत. लोकशाहीला याहून भक्कम पाया सापडणे कठीण, असे ते म्हणतात. आणि मग विचारतात की हे ब्रह्म धर्म का झाले नाही, समाजात का उतरले नाही? जे ब्रह्म सर्वांत आहे ते पाणवठ्यावर कोणाच्याच बाजूने उभे राहत नाही. त्याला वाईट म्हणता येणार नाही, पण चांगले तरी कशावरून म्हणावे?

परळीच्या वैजनाथाची कथा याहून बोलकी आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपवले. असुरांनी हात लावताच ज्वाळा निघाल्या, भक्तांनी हात लावताच अमृतधारा वाहिल्या. म्हणून येथे भाविकाला लिंगाला हात लावून दर्शन घेता येते, असे अभिमानाने सांगतात. स्पर्शाने देव ओळखतो, हा या कथेचा गाभा. पण आमच्या आजोबा-पणजोबांच्या हाताची परीक्षा देवाने कधी घेतली? गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिले असते तर ज्वाळा की अमृत, हे तरी कळले असते. परीक्षा पुजाऱ्याने उंबऱ्याच्या अलीकडेच उरकली आणि देव गप्प राहिला. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालला, तेव्हाही तो गप्पच होता. देशभर अस्पृश्यतेवर बंदी आली ती २६ जानेवारी १९५०ला संविधानाच्या सतराव्या कलमाने, आणि मंदिराचे दार अडवणे गुन्हा ठरले ते १९५५च्या कायद्याने.

संतांविषयी बोलताना कार्यकर्त्यांनी सबुरी ठेवावी. चोखोबांची निष्ठा गुलामी होती असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, हे विसरू नये. चोखोबांच्याच घरात कर्ममेळ्याने देवाला हीन जन्माचा जाब विचारला आणि सोयराबाईने विटाळ नसलेला देह कोणता ते विचारले. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात तर वेदालाच कंजूष म्हटले आहे, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. म्हणजे देवाच्या ग्रंथातली खोट भक्तांनाही दिसत होती. त्यांनी ती प्रेमाने झाकली. आपण झाकत नाही, इतकाच फरक.

माझ्या आजीचा देव ग्रंथातला नव्हता. घराच्या कोनाड्यात मरीआईचा शेंदूर फासलेला दगड होता. मरीआई दयाळू आहे असे आजी कधी म्हणाली नाही. ती पटकी आणते, बोकड घेते आणि जाते, एवढाच करार. पोतराज अंगावर आसूड ओढी तोही तिचा कोप टळावा म्हणून. या पूजेत भीती होती, पण खोटेपणा नव्हता. ग्रंथातला देव स्वतःला करुणाकर म्हणवतो, म्हणून त्याच्याकडून हिशेब मागावा लागतो. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीतले असे दगड नदीत गेले, आजीचाही गेला. पहिले काही महिने कोनाड्याकडे पाहून तिचा हात आपोआप जोडला जाई, असे आई सांगायची.

अमेरिकेतले काळे धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी १९४९च्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या आजीविषयी लिहिले आहे. ती गुलामीत जन्मलेली, निरक्षर. नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पॉलची पत्रे, प्रेमावरचा एक अध्याय सोडला तर, ती वाचू देत नसे. मालकाचा धर्मोपदेशक गुलामांना त्याच पत्रांतून मालकाची आज्ञा पाळा असे सांगे. तिने देव सोडला नाही, पण देवाच्या ग्रंथातले काय ऐकायचे ते स्वतः ठरवले. आपल्याला हा मार्ग घेता आला नसता काय, असे काही मित्र विचारतात. मला वाटते, आला नसता. तिच्या हाती ग्रंथ होता आणि तो वाचणारा नातू होता. आपल्याला तो ऐकण्याचीच बंदी होती. आणि वाचता आला तेव्हा त्यातून पत्रे काढून भागण्यासारखे नव्हते, स्वतः देवच व्यवस्थेचा कर्ता असल्याचे सांगत होता. १९३३च्या मंदिरप्रवेशावरील निवेदनात बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्यच जायला हवे असे म्हटले ते यासाठी.

वर्ग संपल्यावर तो विद्यार्थी मागे थांबला. त्याची आई ऊसतोडीला जाते आणि श्रावणात एक सोमवार परळीला. “तिला हे सगळे कसे सांगू?” त्याने विचारले. मी म्हटले, आधी सांगू नकोस; लिंगाला हात लावून काय मागितलेस ते विचार. पुढच्या आठवड्यात तो आला. आईने मागितले होते ते असे: पोराला नोकरी, आणि मुकादमाची उचल यंदा फिटावी.