अर्धशिशी कुठून उठते?

काशीमीऱ्याच्या वस्त्यांत फिरताना आम्हाला भगिनींकडून सगळ्यात जास्त ऐकू येतं ते डोक्याचं दुखणं, आणि त्यावर घरच्यांचा ठरलेला शेरा, ‘नाटकं करते’. सासू म्हणते, नवरा म्हणतो, मीरा रोडच्या टॉवरमधली मॅडम खाड्याचे पैसे कापताना म्हणते. काही घरांत अजून लिंबू-मिरची उतरवतात. 1956 ची दीक्षा घेतलेल्या घरांत हे चालतं, याचं आम्हाला वाईट वाटतं. दुःखाला कारण असतं हे तथागतांनी सांगितलं. अर्धशिशीचं कारण तर प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्यावरच्या आवरणाला आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. त्याची खबर आत पोचवणारी संवेदी नस म्हणजे ट्रायजेमिनल. डावीकडे एक, उजवीकडे एक. प्रत्येकीच्या तीन फांद्या: कपाळ-डोळ्याकडे, गालाकडे आणि जबड्याकडे. म्हणून बऱ्याचदा निम्मंच डोकं ठणकतं, डोळ्यामागे खुपतं.

ही नस फक्त निरोप नेत नाही. ती चेतली की तिच्या टोकांतून प्रथिनांचे बारीक तुकडे सुटतात. त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. त्यातलं मुख्य सीजीआरपी. ते रक्तवाहिन्या रुंद करतं आणि दुखण्याचा निरोप पुढे जोरात पोचवतं. मग सगळी वाटच हळवी होते. नाडीचा ठोका लागतो, ट्यूबलाइट टोचते, कुकरची शिटी, फोडणीचा वास सहन होत नाही, केसांतून कंगवा फिरवला तरी कळ येते.

1990 मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी डोकं चढलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेतलं रक्त तपासलं. त्यात सीजीआरपी वाढलेलं होतं. 1993 मध्ये दिसलं की सुमाट्रिप्टान या औषधाने ठणका उतरला, तसं हे प्रमाणही उतरलं. पुढे अर्धशिशीच्या रुग्णांना हेच द्रव्य शिरेतून दिलं, तेव्हा अनेकांचं डोकं उठलं. या दोघांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह 2021 चं ब्रेन प्राइझ मिळालं. नाटक रक्तात सापडत नाही, एवढं सासूबाईंना सांगा. मात्र ही तपासणी आपल्या लॅबमध्ये करून मागू नका. डॉक्टर अर्धशिशी ओळखतात ती नीट विचारपूस करून.

शेजारच्या कर्नाटकातल्या पाहणीत चार प्रौढांमागे साधारण एकाला वर्षभरात अर्धशिशी झालेली आढळली. बायकांत ती पुरुषांपेक्षा दोन-तीन पट. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन उतरतं तेव्हा हमखास. बाकी निमित्तं आपल्या जगण्यातच आहेत: रात्रपाळी, ऊन, थिनरचा वास, चहावर काढलेली सकाळ. सार्वजनिक संडासाला रांग असते म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, हे तर आम्ही रोज बघतो. वस्तीत पुरेसे संडास मागणं हाही अर्धशिशीवरचा इलाज आहे.

आता मेडिकलमधून सुटी आणलेल्या गोळीबद्दल. ठणका सुरू होताच डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत गोळी घ्यावी, तेव्हा ती चांगली लागू पडते. पण साधी वेदनाशामक महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर ती गोळीच डोकेदुखी लावते. मग बाई आणखी गोळ्या घेते. पोट जळतं, मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

महिन्यातून अनेकदा डोकं उठत असेल तर ते उठूच नये म्हणून रोज घ्यायची औषधं आहेत. प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलिन ही जुनी आणि स्वस्त. पण डॉक्टरांना विचारूनच. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. सीजीआरपीलाच अडवणारी इंजेक्शनंही 2018 पासून आली आहेत. शोध मोठा आहे, पण किंमत आपल्या खिशाबाहेरची.

डोकं उठण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येत असेल तर गर्भनिरोधक गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगाच. इस्ट्रोजेनच्या गोळीने अशा बायकांत पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि डोकं एकाएकी कधी नव्हे इतकं दुखलं, तापासोबत मान आखडली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, डोक्याला मार लागला किंवा गरोदरपणात असं दुखलं, तर घरी थांबू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली तरी तपासून घ्या.

विहारात काही भगिनी विचारतात, पौर्णिमेचा उपोसथ धरावा का? दुपारी बारानंतर जेवण नसतं, आणि उपाशीपोटी अर्धशिशी उठते. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी भन्तेजींशी आधी बोलावं, बारापूर्वी पोटभर जेवावं, पाणी भरपूर प्यावं. तरीही डोकं उठत असेल तर संध्याकाळी जेवावं. शील पाळायला आजारी पडायची गरज नाही.

घरातल्या कॅलेंडरवर डोकं दुखलेल्या दिवशी फुली मारा, गोळी घेतली त्या दिवशी गोल काढा, पाळीची तारीखही लिहा. तीन महिन्यांनी ती पानं घेऊन भाईंदरच्या टेंभा रुग्णालयाच्या ओपीडीत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. डॉक्टर घाईत असले तरी ती पानं त्यांच्यासमोर ठेवा.