अडवलेले पाणी आणि अडलेले पाणी

आमच्या गावाचे नाव इस्लापूर. ते जरा ठासून सांगावे लागते, कारण याच पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूर नावाचे मोठे धरण आहे आणि पुण्या-मुंबईचा मनुष्य हटकून विचारतो, "म्हणजे धरणाचे गाव का हो तुमचे?" नव्हे! आमचे गाव धबधब्याचे. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, सहस्रकुंडाच्या शेजारचे. भर पावसाळ्यात तिथे पैनगंगा काळ्या कातळावरून अशी कोसळते की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये. अलीकडचा काठ मराठवाड्याचा, पलीकडचा विदर्भाचा. पाहुणे डोळे भरून पाहतात, फोटो काढतात आणि परत निघताना ठरलेला प्रश्न विचारतात, "एवढे पाणी असून मराठवाड्यात दुष्काळ कसा?"

मी मराठीचा प्राध्यापक. शेतीशास्त्राचा नाही. पण घरची शेती थोरले बंधू पाहतात आणि माझ्या वर्गात बसणारी निम्मी मुले ढगाकडे पाहूनच फीचे काय ते ठरवतात. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधणे मला चुकले नाही.

आमच्या लहानपणी पावसाचे वेळापत्रक नक्षत्रांवर चाले. मृगात पेरणी, पुढे आर्द्रा, पुनर्वसू, आणि हस्ताचा पाऊस रब्बीच्या ओलीसाठी. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा हे पाहून म्हातारी माणसे माना हलवीत. (बेडूक असूनही कोरडी गेलेली नक्षत्रे मी पाहिली आहेत, पण बेडकावरचा विश्वास काही ढळला नाही!) आता ते वेळापत्रकच मोडले आहे. वर्षाच्या बेरजेत पाऊस फारसा कमी दिसत नाही. दिसते ते एवढेच, की तो जेव्हा हवा तेव्हा तीन-तीन आठवडे तोंड दाखवीत नाही आणि आला म्हणजे महिन्याचा हिशेब दोन रात्रींत चुकता करतो. हवा जितकी तापेल तितकी ती अधिक बाष्प धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. एकाच शेतात, एकाच हंगामात, जुलैमध्ये दुबार पेरणी आणि सप्टेंबरमध्ये गुडघाभर पाणी. हे आमच्या बंधूंनी भोगले आहे.

आता आमची तयारी कशाची? दुष्काळाची. आणि ती योग्यच होती. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या हाडात मुरला आहे. त्यातून रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर उभी राहिली, तिला कायद्याचे बळ आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही सारी त्या काळाची देणगी. परभणीचे कृषी विद्यापीठही त्याच १९७२ सालचे. नांदेडचे शंकरराव चव्हाण यांनी तर धरणांचा ध्यासच घेतला होता. १९६५ साली पाया घातलेले जायकवाडी १९७६ साली पुरे झाले. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशाने स्टेशनावर पाण्याची वाट पाहिली, तो 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा मंत्र विसरेल कसा?

पण २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात, त्याच मांजरेच्या काठी, पिके पाण्याखाली गेली. मुखेड तालुक्यात तर रात्रीतून गावांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. अडवायला शिकलो; वाट करून द्यायला शिकलो नाही. बंधू आपल्या भाषेत म्हणतात, "पानी अडवा म्हून समद्यांनी सांगितलं. लई झालं तर सोडायचं कुठून, हे कुनीच नाई सांगितलं."

यात आमच्या काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घेतला पाहिजे. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून खोल पिऊन टाकते. मात्र एकदा फुगली की भेगा मिटतात, दार बंद होते. मग वरचे पाणी ना खाली जाते ना बाजूला. सोयाबीनची मुळे गुदमरतात आणि चार दिवसांत हिरवे शेत पिवळे पडते. म्हणजे पाण्याची टंचाई आणि पाण्याचा उपसर्ग, दोन्हींना तीच माती पुरते.

यावरचा उपाय मात्र जवळच सापडला होता. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला १९७२ सालीच 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत घडवली. पीक रुंद गादीवर, दोन्ही बाजूंना सरी. पाऊस कमी पडला तर सरीतले पाणी मुरते, जास्त झाला तर सरीवाटे बाहेर निघते. एकाच चराने दोन्ही कामे! त्यासाठी आता ट्रॅक्टरचे बीबीएफ यंत्र मिळते. ज्याला ते परवडत नाही त्याने तीन-चार ओळींनंतर बळीराम नांगराने सरी काढावी, किंवा कोळप्याला दोरी गुंडाळून कोळपणी करावी; माती आपोआप बाजूला सरते. दोरीला किती पैसे पडतात? तरी शेजारच्या शिवारात हे करणारे मला हाताच्या बोटांवर मोजता आले. सरीमुळे एक ओळ कमी बसते आणि ती गेलेली ओळ शेतकऱ्याच्या डोळ्यांत सलते. त्याला मी दोष देत नाही. कर्जावर उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक ओळ पैशासारखी दिसते.

पिकाचे तसेच. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे 'नांदेड ४४' हे वाण एके काळी घरोघरी होते. पावसाने ताण दिला, पाते-फुले गळाली, तरी पाऊस परतला की ते झाड पुन्हा बहरायचे. अशा झाडाला मी सोशीक म्हणतो. २००२ नंतर बीटी वाणांची लाट आली आणि ते मागे पडले. पुढे विद्यापीठाने त्याचे बीटी रूप आणले, पण मधली वर्षे गेली ती गेलीच. सोयाबीनला असा दुसरा बहर नाही. ते शंभर-सव्वाशे दिवसांत एकदम पिकते आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस बसला की शेंगेतच कोंब फुटतात. जुनी माणसे ज्वारीत तूर, मूग, उडीद टाकीत. मूग बुडाला तर ज्वारी, ज्वारी गेली तर माघापर्यंत उभी राहणारी तूर. आजही बदनापूरचे 'बीडीएन ७११' हे लवकर येणारे तुरीचे वाण हलक्या रानात याच कामी येते. नुसते सोयाबीन लावून आम्ही सगळी अंडी एका कोंबडीखाली ठेवली आहेत.

शेताची ही कथा, तर रस्त्याची वेगळीच. आमच्या भागात ओढ्यावर फरशी पूल किंवा नळकांडी पूल. नळ्या बसवल्या त्या जुन्या पावसाच्या मापाने. आता एका तासात येणारे पाणी त्यांत मावत नाही. त्यात काडीकचरा अडकला की पूलच बांध होतो आणि वरच्या अंगाची शेते बुडतात. माझी एक विद्यार्थिनी, तांड्यावरची, हुशार. परीक्षेच्या सकाळी ओढ्याच्या पलीकडे उभी राहिली ती दुपारपर्यंत. पेपर गेला, वर्ष गेले, आणि त्या वर्षात घरच्यांनी तिचे लग्न उरकले. तिच्या दप्तरी 'गैरहजर' असा शेरा आहे. ओढ्याचा उल्लेख कुठे नाही.

सरकारने काहीच केले नाही असेही नव्हे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. १५ जिल्हे, पाच हजारांवर गावे, सुमारे ४००० कोटी रुपये. मराठवाड्याचे सर्व जिल्हे त्यात होते. शेततळी, ठिबक, बीबीएफ, सुधारित बियाणे, सारे त्यात आहे. माझी तक्रार एवढीच की शेततळ्यासाठी अर्ज भरताना रांग लागते आणि शेताबाहेर पाणी काढणाऱ्या चराचा विषय निघाला की सभा उठते. कारण तो चर शेजाऱ्याच्या बांधावरून जायचा असतो! तळे एकट्याचे असते, चर चौघांचा. तो नकाशावर आणायचा तर ग्रामसभेतच आणावा लागेल, आणि पुलाच्या नळीचे मापही तिथेच मागावे लागेल.

सध्या घरी वेगळीच चिंता आहे. काढणीला भिजलेले सोयाबीन बाजारात पडत्या भावाने गेले, पण खरा घाव पुढच्या जूनमध्ये बसणार. कारण भिजलेल्या दाण्याची उगवण घटते आणि घरचे बी नसले की दुकानाची पायरी चढावी लागते. बंधूंनी परवा ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळी केली. सत्तर उगवले तर बी चांगले, त्याहून कमी तर पेरणीला जास्त टाकायचे, साठाच्याही खाली तर बी म्हणून ठेवायचे नाही, असा शिरस्ता आहे. आठव्या दिवशी गोणपाट उलगडले. वहिनींनी दोनदा मोजले. त्रेसष्ट.

"टाकू थोडं जास्त," बंधू म्हणाले, "पन औंदा सरी काढतो. दोन ओळी कमी झाल्या तर झाल्या."