सिग्नलवर इंजिन आपोआप बंद! स्पोर्ट्स कारमध्ये ‘स्टार्ट-स्टॉप’ चालू ठेवावे की बंद?

इंधन वाचते, पण टर्बो आणि बॅटरीचे काय? नागपूर ते गोसीखुर्द या प्रवासाच्या उदाहरणातून समजून घ्या.

पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपैकी काही उघडले, की वैनगंगेचे पाणी पाहायला सुटीच्या दिवशी गर्दी होते. नागपूरहून उमरेड, भिवापूर, पवनी असा हा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. समजा, या गर्दीत एक स्पोर्ट्स कार आहे. गाडी थांबली की इंजिन बंद, ब्रेक सोडला की सुरू. दोन हात पुढे गेली की पुन्हा बंद. वैतागून चालक ‘ए’ अक्षराभोवती गोल बाण असलेले बटण दाबतो आणि यंत्रणा बंद करतो. त्याचे बरोबर आहे का? या ठिकाणी बरोबर आहे. नागपूरच्या सिग्नलवर मात्र तेच बटण दाबणे चूक ठरू शकते.

ही यंत्रणा काय करते?

गाडी पूर्ण थांबली आणि ब्रेकवर पाय असला की संगणक इंजिन बंद करतो. ब्रेक सोडताच, किंवा मॅन्युअल गाडीत क्लच दाबताच, ते पुन्हा सुरू होते. यासाठी अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. कल्पना नवी नाही. टोयोटाने १९७० च्या दशकातच जपानमध्ये ती आणली होती. आपल्याकडे हिरोच्या दुचाकींमधील ‘आय-थ्री-एस’ आणि होंडा अॅक्टिव्हातील ‘आयडलिंग स्टॉप’ हे याच तत्त्वावर चालतात.

स्पोर्ट्स कारला मायलेजची चिंता कशाला?

चिंता मालकापेक्षा कंपनीला जास्त असते. कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांचे सरासरी कार्बन उत्सर्जन मर्यादेत ठेवावे लागते. भारतात हे ‘कॅफे’ नियम २०१७ पासून लागू आहेत आणि त्यात स्टार्ट-स्टॉपसारख्या तंत्रज्ञानाला सवलतही मिळते. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांमुळे ही सरासरी बिघडते, म्हणून तिथे ही यंत्रणा हमखास दिसते. पोर्शे ९११ च्या २०११ मध्ये आलेल्या पिढीत ती होती. मर्सिडीजने २०२० पासून पुण्याजवळच्या चाकणमध्ये जुळणी सुरू केलेल्या एएमजी गाड्यांच्या कुटुंबातही ती आहे. बहुतेक गाड्यांत दर वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा आपोआप ‘चालू’ होते, त्याचे मूळही उत्सर्जनाच्या चाचण्यांतच आहे.

खरेच पैसे वाचतात का?

साधा हिशेब करू. तीन लिटरचे पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पिते. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले आणि रोज शहरात २० मिनिटे सिग्नलवर गेली, तर दिवसाला ३५ रुपये वाचतात. महिन्यातले २५ दिवस धरले तर सुमारे पावणेनऊशे.

आता गोसीखुर्दची सहल. नागपूर सोडले की सिग्नल जवळपास संपतात. जाऊन-येऊन दहा मिनिटे थांबणे झाले, तर बचत १७-१८ रुपयांची. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ही यंत्रणा असून नसल्यासारखी.

आणखी एक नियम लक्षात ठेवावा. अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यात इंधन कमी लागते. त्याहून कमी थांब्यात फायदा नाही. धरणाजवळच्या मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत बटण दाबणे योग्य, ते यामुळेच.

वारंवार सुरू-बंद केल्याने इंजिन झिजते का?

साध्या गाडीत हाताने चावी फिरवून हे केले तर झीज वाढेल. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत मात्र स्टार्टर मोटर अधिक दणकट असते आणि अनेक इंजिनांच्या बेअरिंगवर खास लेप असतो. शिवाय इंजिन गरम झाल्याशिवाय यंत्रणा कामच करत नाही. थंड इंजिन सुरू करताना होणारी झीज इथे होत नाही.

खरा खर्च बॅटरीचा. या गाड्यांना ‘एजीएम’ किंवा ‘ईएफबी’ प्रकारची बॅटरी लागते. ती साध्या बॅटरीपेक्षा महाग असते. स्वस्तात काम होते म्हणून साधी बसवली, तर ती लवकर दम तोडते. अनेक गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकातही करावी लागते.

टर्बोबाबत सावध

टर्बो इंजिनाच्या स्पोर्ट्स कारमध्ये हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. टर्बोचे चाक मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि तापलेले असते. गाडी जोरात पळवून लगेच इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेले तेल करपू शकते. अनेक आधुनिक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप थंड पाणी फिरवत राहतो, पण तेल फिरत नाही. म्हणून महामार्गावर वेगाने आल्यावर टोलनाक्यावर किंवा धरणाच्या पार्किंगमध्ये पोहोचण्याआधीच यंत्रणा बंद करावी. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवणे हा त्याहून सोपा उपाय.

विदर्भाच्या उन्हात काय?

इंजिन बंद झाले की बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, फक्त पंखा चालतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना केबिन लगेच तापते. त्यामुळे संगणक इंजिन पुन्हा सुरू करतो किंवा मुळात बंदच करत नाही. हा बिघाड नव्हे. पण हिवाळ्यातही यंत्रणा कधीच काम करत नसेल, तर बॅटरी तपासून घ्यावी. ती अशक्त झाल्याचे हे पहिले लक्षण असू शकते.

मग करायचे काय?

चालू ठेवा: शहरातील लांब सिग्नल, रेल्वे फाटक.

बंद करा: सरकती रांग, जोरात पळवल्यानंतरचा थांबा, गाडी मागेपुढे करत पार्किंग, तसेच गावातल्या रस्त्यावरून महामार्गावर शिरताना. इथे अर्ध्या सेकंदाचा उशीरही महागात पडतो.

अनेक स्पोर्ट्स कारमध्ये ‘स्पोर्ट’ मोड निवडला की यंत्रणा आपोआप बंद होते. काही गाड्यांत ब्रेक हलका दाबला तर इंजिन बंद होत नाही. कायमची बंद करणारी बाहेरची उपकरणे मात्र टाळावीत, वॉरंटीचा वाद होऊ शकतो.

ज्याला कोटीची गाडी परवडते, त्याला ३५ रुपयांचे काय, असे कोणी म्हणेल. पण एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सिग्नलवर उभ्या गाडीचा धूर आधी शेजारच्या दुचाकीस्वाराच्या आणि चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या नाकात जातो. म्हणून शहरात चालू आणि शहराबाहेर गरजेप्रमाणे बंद, हाच व्यवहारी मार्ग.